कार्टूनमधले 'छुपे संदेश': घाबरायचं कशाला, लक्ष द्यायचं कशाकडे?

पालकांच्या ग्रुपवर अधूनमधून एक मेसेज फिरतो : "या कार्टूनमध्ये छुपे संदेश आहेत, मुलांच्या मेंदूवर परिणाम होतो, लगेच बंद करा!" आपण घाबरतो. दोन दिवस टीव्ही बंद, मोबाईल कपाटात. तिसऱ्या दिवशी मूल जेवत नाही म्हणून ताटासमोर पुन्हा तोच मोबाईल! म्हणून हा विषय नीट समजून घेऊया.

ही भीती आली कुठून?

१९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी या जाहिरात-संशोधकाने एक दावा केला. सिनेमा चालू असताना, डोळ्यांना कळणारही नाही इतका कमी वेळ 'पॉपकॉर्न खा', 'कोका-कोला प्या' अशी वाक्यं पडद्यावर दाखवली आणि विक्री वाढली, असं त्याचं म्हणणं. मोठी खळबळ उडाली. पुढे १९६२ मध्ये त्यानेच कबूल केलं, की आपल्याकडे पुरेशी माहितीच नव्हती. पण कबुली फार थोड्यांपर्यंत पोहोचली, अफवा मात्र आजही फिरते आहे.

मग मुलं पडद्यावरून शिकत नाहीत का?

शिकतात, आणि भरपूर शिकतात. अल्बर्ट बांडुरा यांचा बोबो बाहुलीचा प्रयोग बी.एड.ला आपण वाचलाच आहे. १९६१ च्या या प्रयोगात मोठ्या माणसाला बाहुलीला मारताना पाहिलेल्या मुलांनी तसंच मारलं, तोंडातले शब्दही तेच. १९६५ चा पुढचा प्रयोग तर जास्त महत्त्वाचा आहे. मारणाऱ्याला शिक्षा झाल्याची फिल्म ज्यांनी पाहिली, त्या मुलांनी नक्कल कमी केली. पण 'काय पाहिलंस ते करून दाखव, बक्षीस मिळेल' म्हटल्यावर त्यांनीही ते करून दाखवलं. म्हणजे मूल एखादी गोष्ट करत नाही, याचा अर्थ ती शिकलंच नाही असा होत नाही.

दुसरा भाग अभिसंधानाचा. पावलॉव्हचा कुत्रा आठवा. अन्नाबरोबर येणाऱ्या खुणेनेच पुढे त्याच्या तोंडाला पाणी सुटू लागलं. बिस्किटाच्या पुड्यावर आवडत्या कार्टूनचं चित्र असतं, तेव्हा कार्टून पाहण्याचा आनंद त्या पुड्याला चिकटतो. दुकानात मूल चव मागत नाही, चित्र मागतं! त्यात साधारण सात-आठ वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना जाहिरात ही 'विकण्यासाठी' असते हे नीट उमगत नाही. खेळण्यांची खोकी उघडून दाखवणाऱ्या व्हिडिओंत तर कार्यक्रम कुठे संपला आणि जाहिरात कुठे सुरू झाली, हे आपल्यालाही कळत नाही. स्वीडनमध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिराती करायला बंदी आहे, ती उगीच नाही.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. गोरं झालं की नोकरी मिळते, लग्न जमतं, असं सांगणाऱ्या क्रीमच्या जाहिराती आपण वर्षानुवर्षं घरात बसून पाहिल्या. 'फेअर अँड लव्हली'च्या नावातला 'फेअर' शब्द गेला तो २०२० मध्ये. त्या जाहिरातींत काहीच छुपं नव्हतं. सगळं उघड होतं, रोज होतं, आणि कोणी त्यावर बोलत नव्हतं. खरी काळजी याचीच करायला हवी.

मग करायचं काय?

नुसतं बंद करून भागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा तरी मुलाशेजारी बसून पाहा आणि सहज विचारा :

१. यात हुशार कोण दाखवलंय आणि हसू कोणाचं केलंय? (काळा, जाड, गावाकडचा माणूस दरवेळी विनोदालाच असतो का?)
२. भांडण कसं मिटलं? मारून, युक्तीने की बोलून? तू काय केलं असतंस?
३. हे पाहून काही विकत घ्यावंसं वाटलं का? ते विकलं गेलं तर फायदा कोणाचा?

उत्तर चुकलं तरी लगेच व्याख्यान देऊ नका. डोरेमॉन पाहणाऱ्या मुलाला विचारून पाहा, "गॅजेट मिळूनही नोबिता शेवटी फसतो का रे?" मूल विचार करून आपणहून सांगतं.

शिक्षकांनी पाचवी-सहावीला हाच गृहपाठ द्यावा : अर्धा तास टीव्ही पाहा, जाहिराती मोजा, प्रत्येक जाहिरात कोणासाठी होती ते लिहा. दुसऱ्या दिवशी वर्गात वह्या उघडल्या, की 'छुपा संदेश' शोधायला आपली गरजच उरत नाही. मुलंच शोधतात.