ब्लॉक ठेवावा की मोडीत द्यावा?

छावणीतल्या एका गॅरेजात एक व्हॅन उभी होती. मालक स्वतःच ड्रायव्हर. शाळेची मुले ने-आण करणे हा त्याचा धंदा. वाटेत इंजिनातले पाणी संपले. त्याला ते कळले नाही. इंजिन तापले व बंद पडले. उघडून पाहिले तर ब्लॉकला तडा!

"चाचा, वेल्डिंग मारून द्या की. उद्या गाडी पाहिजे."

"बेटा, घाई नको. आधी तपासू. मग हिशेब करू. मग ठरवू," मिस्त्री म्हणाले.

ब्लॉक म्हणजे इंजिनाचे धड. त्यात पिस्टन वरखाली होतो. पूर्वी बहुतेक ब्लॉक बिडाचे असत. आता पुष्कळ गाड्यांचे ब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात. छावणीहून नगर नाक्यावरून वाळूजला रस्ता जातो. तिथे 1985 साली बजाजचा कारखाना सुरू झाला. तेव्हापासून हा धातू इथल्या कारागिरांच्या चांगल्या ओळखीचा आहे.

ॲल्युमिनियम हलके असते. लोखंडाच्या साधारण एक-तृतीयांश वजनाचे. पण ते उष्णतेला भिते. लोखंड 1,538 अंशांना वितळते, ॲल्युमिनियम 660 अंशांनाच. तापल्यावर ते लोखंडासारखे लाल होऊन आपल्याला सावध करीत नाही. फार तापले की ते वाकते व मऊ पडते. म्हणून नुसता तडा पाहून भागत नाही.

तपासणी कशी करावी?

ब्लॉक धुऊन कोरडा करा. तड्याच्या जागी रॉकेल लावा. थोड्या वेळाने पुसून घ्या. वर खडूची भुकटी टाका. तड्यात मुरलेले रॉकेल बाहेर येते व ओली रेघ उमटते. तडा कुठवर गेला, ते त्यावरून कळते. हे करताना विडी-काडी दूर ठेवा.

नंतर ब्लॉकच्या माथ्यावर सरळ पोलादी पट्टी उभी धरा. खाली फीलर गेजचे पान सरकवून पाहा. पान सरकले तर माथा वाकला आहे. थोडा वाक फेसिंग करून निघतो. जास्त असेल तर निघत नाही.

तडा कुठे आहे?

बाहेरच्या भिंतीला, पाण्याच्या वाटेवर तडा असेल तर तो बहुधा सांधता येतो. बोल्टचे आटे गेले असतील तर नवे आटे बसवता येतात. पण मेन बेअरिंगच्या बैठकीला किंवा दोन सिलिंडरांच्या मध्ये तडा असेल, तर मोह सोडावा. तिथे जोर फार येतो. सांधा टिकत नाही.

सांधायला आर्गॉन वेल्डिंग लागते. धातूत मुरलेले तेल आधी काढावे लागते. वेल्डिंगच्या उष्णतेने ब्लॉक पुन्हा वाकू शकतो. म्हणून नंतर फेसिंग आले. शेवटी पाण्याच्या वाटा बंद करून आत हवा भरतात व ब्लॉक पाण्यात बुडवतात. बुडबुडे आले तर सांधा कच्चा.

कागदावर हिशेब

समजा, वेल्डिंगला 5,000 रुपये व फेसिंगला 4,000 रुपये लागले. सहा दिवस गाडी बंद, रोज 700 रुपये बुडाले, म्हणजे 4,200. एकूण 13,200 रुपये. जुन्या बाजारात ब्लॉक 14,000 ला मिळाला व दोन दिवस बुडाले, तर 15,400 रुपये. फिटिंगची मजुरी दोन्हीकडे सारखीच, म्हणून ती धरली नाही.

फरक 2,200 रुपयांचा. इतक्या फरकासाठी बेअरिंगजवळचा तडा सांधू नये. तो पुन्हा उकलला तर 13,200 रुपये पाण्यात!

जुना ब्लॉक घेताना पावती घ्या. त्यावरचा नंबर स्वतः वाचा. नंबर घासलेला असेल तर घेऊ नका. इंजिनाचा नंबर बदलला की आर. टी. ओ. कडे नोंद करावी लागते. नाहीतर आर. सी. बुकातला नंबर एक व गाडीवरचा दुसरा, असा घोळ होतो.

व्हॅनवाल्याचे काय झाले? तडा बाहेरच्या भिंतीला निघाला. माथा थोडाच वाकला होता. ब्लॉक सांधला. सातव्या दिवशी मुले पुन्हा व्हॅनमध्ये बसली. आता तो रोज सकाळी गाडी थंड असतानाच पाणी पाहतो. त्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही.