मजकूर भरणाऱ्याच्या शेजारी बसून

वेबसाइट वाचकाला सोपी जाईल की नाही, याचं उत्तर मी आधी मजकूर भरणाऱ्या माणसाच्या पडद्यावर शोधतो. संस्थेची साइट उभी राहिली, उद्घाटन झालं, की रोजच्या सूचना तिथला ग्रंथपाल, कारकून नाहीतर एखादा शिक्षक टाकणार असतो. संपादनाचं साधन त्याला अवघड गेलं, तर काही महिन्यांत साइट वाचकालाही अवघड होते. म्हणून ती सोपवण्याआधी मी त्या माणसाच्या शेजारी खुर्ची ओढून बसतो आणि गप्प राहतो. गप्प राहणंच कठीण असतं. हात सारखा माउसकडे जातो.

याकोब निल्सन यांनी २००० साली लिहिलं होतं, की पाच जणांना साइट वापरताना पाहिलं तरी बहुतेक अडचणी उघड होतात. छोट्या संस्थेत मजकूर भरणारं माणूस मुळात एकच असतं. त्या एकाला नीट पाहिलं तरी पुष्कळ कळतं.

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाची साइट मी वर्डप्रेसवर केली. तिथल्या ग्रंथपाल मॅडम टायपिंगला पक्क्या; कीबोर्डकडे न बघता इन्स्क्रिप्टवर भराभर टाइप करतात. त्यांच्यासमोर ब्लॉक एडिटर उघडला. हा एडिटर वर्डप्रेस ५.० बरोबर डिसेंबर २०१८मध्ये आला. त्यात परिच्छेद, शीर्षक, चित्र असा प्रत्येक भाग म्हणजे वेगळा ब्लॉक, आणि नवा ब्लॉक हवा असेल तर तिरकी रेघ टाइप करा, अशी सूचना रिकाम्या ओळीवर फिक्या अक्षरांत दिसते. मॅडमनी ती कळ दाबली. पडद्यावर 'य' उमटला. पुन्हा दाबली, पुन्हा 'य'. "सर, हे काय येतंय?" इन्स्क्रिप्टमध्ये त्या कळीवर 'य'च असतो. साधन बनवणाऱ्यांनी जो सर्वांत जलद मार्ग म्हणून ठेवला, तो मराठीत टाइप करणाऱ्याला कीबोर्डची भाषा बदलल्याशिवाय उघडत नाही. मी आजवर पाहिलेल्या कुठल्याही तपासयादीत ही गोष्ट नव्हती.

त्यानंतर कार्यक्रमाची सूचना टाकायची होती, आणि खरी गाठ तिथे होती. निमंत्रण डीटीपीवाल्याकडून श्री-लिपीत तयार होऊन येतं. त्या जुन्या फाँटांमध्ये देवनागरी अक्षरं युनिकोडच्या संकेतांवर बसवलेली नसतात. त्यामुळे मजकूर कॉपी करून एडिटरमध्ये चिकटवला, की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा गिचमिड ढीग दिसतो. सगळं पुन्हा टाइप करायला वेळ कुणाला? तेवढ्यात व्हॉट्सॲपवर त्याच निमंत्रणाचं चित्र आलेलं असतं. मॅडमनी ते चढवलं. त्यांच्या जागी कुणीही तेच केलं असतं. पण वाचकाला मोबाइलवर ते चित्र दोन बोटांनी ताणत वाचावं लागतं. साइटवरच्या शोधात त्यातला एकही शब्द सापडत नाही. अंध वाचक एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर वापरत असेल, तर त्याला तिथे एक चित्र आहे एवढंच कळतं. शिवाय कार्यक्रमाची तारीख चित्रात अडकलेली असल्याने तो होऊन गेला तरी निमंत्रण पहिल्या पानावर तसंच राहतं.

असं झालं की 'लोकांना शिस्त नाही' म्हणायची आमच्या धंद्यात रीत आहे. मला ती मान्य नाही. माणसासमोर कोरं पान ठेवलं, तर तो हाताशी असेल तेच त्यावर टाकणार. म्हणून कार्यक्रमांसाठी मी कोरं पान काढूनच टाकलं आणि छोटा फॉर्म दिला: कार्यक्रमाचं नाव, वक्ते, तारीख, वेळ, स्थळ. चित्र सगळ्यांत शेवटी, तेही हवं असेल तर. तारीख कॅलेंडरमधून निवडायची. ती उलटली की सूचना आपोआप 'झालेले कार्यक्रम'मध्ये जाते. सोबत रंग आणि अक्षरांचा आकार हवा तसा बदलण्याची सोयही थीमच्या सेटिंगमधून बंद केली. यावर कार्यकारिणीत थोडी कुरबुर झाली. पण शीर्षक म्हणून लाल ठळक ओळ टाकली, तर डोळ्यांना ते शीर्षक वाटतं आणि यंत्राला साधा परिच्छेद. स्क्रीन रीडर वापरणारे अनेकजण शीर्षकांवरून उड्या घेत पान चाळतात. त्यांच्यासाठी ते शीर्षक नसतंच.

मराठीचे काही पेच मजकूर जतन करण्याच्या क्षणीच सोडवावे लागतात. 'दुसऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: कुणी 'ऱ'ला हलन्त जोडतो, कुणाच्या कीबोर्डवरून साध्या 'र'नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह येतं. दिसायला दोन्ही सारखेच. 'ॲड.'मधल्या 'ॲ'चंही तेच. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८मध्ये मिळाली. त्याआधी 'अ'वर वेगळा चंद्र चढवत, आणि अजूनही अनेकजण तसंच करतात. एका तऱ्हेने लिहिलेलं दुसऱ्या तऱ्हेने शोधलं, तर 'काही सापडलं नाही' असं उत्तर येतं, आणि वाचकाला वाटतं, पुस्तक वाचनालयात नाहीच. दोन्ही रूपं जतन करतानाच एक करायची, शोधशब्दालाही तोच नियम लावायचा. हे काम सॉफ्टवेअरचं. मॅडमना त्याची खबरही असायला नको.

पानाच्या पत्त्याचंही तसंच. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं आणि त्यातलं प्रत्येक देवनागरी चिन्ह टक्केवारीच्या खुणांसह नऊ अक्षरांचं होतं. काना, मात्रा, हलन्त, सगळी चिन्हं वेगळी मोजायची. मर्यादा २०० अक्षरांची, म्हणजे बावीसेक चिन्हांत पत्ता तुटतो, आणि व्हॉट्सॲपवर पाठवला की अनेकदा नुसती आकडे-अक्षरांची लांबलचक माळ दिसते. मी रोमन लिपीतला छोटा पत्ता आपोआप बनेल असं करून ठेवतो.

एक रकाना मात्र माणसानेच भरायला हवा: फोटोचं वर्णन. आधी त्यावर 'पर्यायी मजकूर' असं लिहिलेलं होतं, आणि प्रत्येक फोटोखाली एकच शब्द यायचा, 'फोटो'. मी तिथे प्रश्न लिहिला: 'फोटोत कोण आहे आणि काय चाललंय?' पुढच्या कार्यक्रमाच्या फोटोला मॅडमनी वर्तमानपत्रातल्यासारखी ओळ दिली: कुणाच्या हस्ते कसलं प्रकाशन, आणि मग डावीकडून एकेकाचं नाव. अंध वाचकाला हवं ते सगळं त्यात होतं. आता दुसऱ्या संस्थांच्या साइटवरही मी तो रकाना त्याच प्रश्नासह देतो.