पाण्याचा हिशेब मागणारा युद्धपट

न्यूयॉर्कच्या एसपीआय कंपनीने १९७९ साली दुसऱ्या महायुद्धातल्या उत्तर आफ्रिकेच्या मोहिमेवर ‘द कॅम्पेन फॉर नॉर्थ आफ्रिका’ हा युद्धखेळ काढला. रचनाकार रिचर्ड बर्ग. पट मांडायला सुमारे दहा फूट लांब जागा हवी, पुठ्ठ्याच्या सोंगट्या दीड हजारांहून जास्त, खेळाडू प्रत्येक बाजूला पाच. पूर्ण डावाला दीड हजार तास लागतील, असा अंदाज सांगितला जातो.

पाच जणांपैकी एक सरसेनापती, एक आघाडी सांभाळणारा, एक विमानदळाचा. उरलेल्या दोघांकडे पिछाडी आणि रसद. खरी परीक्षा या दोघांची. इटलीची वसाहत असलेल्या लिबियात त्रिपोली बंदरापासून इजिप्तच्या सीमेपर्यंत दीड हजार किलोमीटरचा रस्ता, आणि आघाडीवर पेट्रोल पोहोचवताना ट्रक स्वतःच पेट्रोल पितात. म्हणून खेळात पेट्रोल, दारूगोळा, अन्न, पाणी यांचा वेगवेगळा हिशेब ठेवावा लागतो. इंधन उडून जाते तेही मांडायचे: एरवी दर फेरीला ३ टक्के, ब्रिटिशांचे मात्र सुरुवातीच्या काळात ७ टक्के. या फरकाला आधार आहे. जर्मनांकडे वीस लिटरचे भक्कम जेरीकॅन होते; ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे वाटेतच गळत.

सर्वांत गाजला तो पास्त्याचा नियम. इटालियन तुकड्यांना पास्ता उकडण्यासाठी जादा पाणी द्यायचे, नाहीतर त्यांच्या हालचालींवर बंधन येते. तो गमतीने घातला होता, असे बर्गने पुढे सांगितले. तरीही त्यातली जाण खोटी नाही. वाळवंटात सैनिकाच्या जेवणाचे पाणीसुद्धा कुणीतरी ट्रकवर चढवावे लागते. या खेळाला किचकट म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ आहेत. पण ही आकडेमोड वगळली तर उरतो तो फक्त रणगाड्यांचा पाठलाग, आणि ती लढाई तेवढ्यावर लढली गेली नव्हती.

खऱ्या मोहिमेत ९ डिसेंबर १९४० रोजी ब्रिटिशांनी इजिप्तमधल्या सिदी बरानीजवळच्या इटालियन छावण्यांवर हल्ला चढवला. निबेइवाच्या छावणीवर मटिल्डा रणगाड्यांसोबत चौथ्या भारतीय डिव्हिजनचे जवान तुटून पडले, आणि त्याच दिवशी तुम्मरच्या छावण्यांत त्यांच्यासमोर आले ते लिबियन सैनिक. लढाई दोन साम्राज्यांची, आणि समोरासमोर उभे दोन पारतंत्र्यातल्या मुलखांचे तरुण! पटावर ही एका छावणीवरची चाल ठरते. वाचकाने मात्र इथे थांबायला हवे.

महाराष्ट्राचाही या पटाशी संबंध आहे. जून १९४२ मध्ये लिबियातल्या तोब्रुक बंदराच्या तटबंदीत अकराव्या भारतीय ब्रिगेडसोबत मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण होती. २१ जूनला तोब्रुक पडले, तीस हजारांहून जास्त सैनिक युद्धकैदी झाले, त्यांत हे मराठा जवानही होते.

जर्मन सेनापती रोमेलच्या हाती त्या दिवशी पेट्रोल, ट्रक आणि शिध्याचे साठे लागले. त्या बळावर तो थेट इजिप्तमधल्या अल अलामेनपर्यंत धावला. तिथून त्रिपोली आणखी दूर पडले, तेलवाहू जहाजे भूमध्य समुद्रात बुडू लागली आणि ऑगस्टअखेर तिथल्याच आलम हल्फाच्या टेकडीवरच्या चढाईत पेट्रोलच्या टंचाईनेही त्याची पावले आखडली. बर्गच्या पटावर रसद सांभाळणाऱ्या खेळाडूला हा टप्पा कितीतरी फेऱ्या आधीच कागदावर दिसू लागतो, आणि पुढे धावू पाहणाऱ्या सरसेनापतीला आवरायचे कामही त्याच्याच वाट्याला येते.