अलर्काची लस आणि परदेशचा प्रवास

इ. स. १८८५ च्या जुलै महिन्यांत लुई पाश्चर यांनीं पॅरिस येथें जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलास पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस प्रथम टोंचविली, आणि तो मुलगा वांचला. त्यानंतर कांहीं वर्षें हिंदुस्थानांतील गोऱ्या शिपायांस असें कुत्रें चावलें, तर त्यांस आगबोटीनें पॅरिसला पाठवीत. १९०० सालीं कसौलीस व १९०७ सालीं कुन्नूर येथें पाश्चर संस्था निघाल्यावर ती यातायात संपली. एके काळीं या लशीसाठीं परदेशचा प्रवास करावा लागे. आज परदेशच्या प्रवासासाठीं ही लस घ्यावी काय, असा प्रश्न सुशिक्षित घरांतून विचारला जातो.

नागपूरच्या दक्षिणेस हुडकेश्वर आहे. मूळचें लहान गांव. भोंवतालच्या शेतांत आतां ले-आउट पडले, घरें उठलीं, मध्यें मोकळे प्लॉट राहिले आणि त्यांवर कचरा साठूं लागला. जेथें कचरा, तेथें कुत्र्यांचीं टोळकीं असावयाचींच. समजा, येथील एका घरचा मुलगा लंडनला नोकरीस आहे. सुनेच्या बाळंतपणासाठीं आईवडील तिकडे निघतात. पुढें नातू सहा वर्षांचा झाल्यावर घरच्या लग्नासाठीं महिनाभर हुडकेश्वरास येतो. स्वतः निघतांना आजी डॉक्टरांस विचारते, "कुत्र्याची लस टोंचून घ्यावयास हवी काय?" नातू येतो तेव्हां मात्र हा प्रश्न कोणासच सुचत नाहीं. वास्तविक विचार करावयाचा तो या दुसऱ्या प्रवासाचा.

ब्रिटनमधील कुत्र्यांतून हा रोग १९२२ पासून नाहींसा झाला आहे. जपानांत १९५७ नंतर तेथील कुत्र्यांत तो आढळलेला नाहीं. अशा देशीं जाणारी आजी धोक्याच्या जागेंतून निर्धोक जागेंत जात असते. तिकडील वटवाघळास हात लावूं नये, एवढें पथ्य तिला पुरे. भारतांत मात्र वर्षाला अलर्कानें किती माणसें दगावतात याविषयीं मतभेद आहेत; जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज १८ ते २० हजारांचा, तर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या अलीकडील पाहणीचा सुमारें ५,७०० चा. लहान आकडा खरा धरला, तरी ज्या मुलानें रस्त्यावरचें मोकाट कुत्रें कधीं पाहिलेंच नाहीं, त्याच्या आईबापांस तो थोडा वाटूं नये. असें मूल कुत्र्याला भीत नाहीं, उलट जवळ घ्यावयास जातें. त्याची उंची कमी, म्हणून चावा तोंडावर, मानेवर बसण्याचा संभव अधिक. आणि लहानसा ओरखडा उमटला, तर रागें भरतील म्हणून तें घरीं सांगतहि नाहीं. मोठ्यांचेंहि असेंच होतें. नॉर्वेची एक तरुणी २०१९ सालीं फिलिपाइन्समध्यें सुटीवर असतां तिनें रस्त्यावरचें एक पिलूं उचलून घेतलें. खेळतां खेळतां त्यानें केलेल्या बारीक जखमा तिनें मनावर घेतल्या नाहींत. घरीं परतल्यावर ती याच रोगानें गेली.

दंशावाटे शिरलेले विषाणु मज्जातंतूंच्या मार्गानें मेंदूकडे सरकतात. या वाटचालीस बहुधा दोनतीन महिने लागतात, क्वचित् आठवडा, क्वचित् वर्षहि. रोगाचीं लक्षणें दिसूं लागल्यावर उपाय नाहीं. जें करावयाचें तें या मधल्या काळांत. परंतु लशीनें अंगांत प्रतिकारशक्ति निर्माण होण्यास आठवडा-दीड आठवडा जातो. तेवढ्या अवधीसाठीं तयार प्रतिद्रव्य, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेंत व तिच्या भोंवतीं टोंचावें लागतें. त्याचें प्रमाण वजनावर असतें : मनुष्याच्या रक्तांतील द्रव्य किलोमागें २० एकक, घोड्याच्या रक्तांतील ४०. तें महाग, आणि लहान दवाखान्यांत बहुधा नसतें. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें तयार केलेल्या निराळ्या जातीच्या प्रतिद्रव्यास २०१६ सालीं परवानगी मिळाली. पण तेंहि गांवोगांव असतेंच असें नाहीं.

प्रवासापूर्वीं लस घेण्यानें नेमकें काय साधतें, हें आतां ध्यानांत येईल. ती घेतलेल्या माणसास कुत्रें चावलें तर पुन्हां लस घ्यावीच लागते. ‘एकदां टोंचलें, आतां काळजी नको’ ही समजूत घातक आहे. मात्र त्यास इम्युनोग्लोब्युलिन लागत नाहीं, आणि चारपांच खेपांऐवजीं पहिल्या व चौथ्या दिवशीं मिळून दोनच मात्रा पुरतात. शिकलेला धडा शरीर चटकन् आठवतें.

मग नातवास ती टोंचावी काय? तो चार दिवस येऊन नागपुरांतच राहणार असेल, तर घरच्यांनीं डोळ्यांत तेल घालून जपावें आणि लस न घेतली तरी चालेल. मेडिकलचें मोठें इस्पितळ हुडकेश्वरापासून दूर नाहीं. परंतु महिनाभराचा मुक्काम, त्यांत उमरेडकडील किंवा मेळघाटांतील एखाद्या खेड्यास जाणें असेल, तर टोंचून आणणें शहाणपणाचें. ब्रिटनमध्यें या लशीच्या तीन मात्रा तीनचार आठवड्यांत देतात, आणि बहुधा पदरच्या पैशानें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१८ पासून निरोगी माणसास आठवड्याच्या अंतरानें दोन भेटी पुरेशा मानल्या आहेत. तिकीट काढण्याच्या दिवशींच डॉक्टरांस विचारलेलें बरें.

हुडकेश्वराहून बाहेर जाणाऱ्यांपैकीं ज्यांनीं विचार करावा असेहि कांहीं आहेत. नवविवाहित जोडपीं बालीस जातात. तेथें २००८ सालीं कुत्र्यांत हा रोग शिरला, आणि देवळांतील माकडांस खाऊ देण्याची हौस पर्यटकांस असतेच. आफ्रिकेंत आडगांवीं कामासाठीं राहणाऱ्या अभियंत्यानें तर लस घेऊनच जावें.

लशीची धास्ती पुष्कळांस अजून वाटते, ती पोटांतील चौदा टोंचण्यांच्या आठवणीमुळें. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस २००५ च्या सुमारास भारतांतून गेली. आतांची लस दंडावर टोंचतात. एखादा दिवस हात दुखतो, क्वचित् कसर येते.

लस घेतलेली असो वा नसो, कुत्र्याचा दांत लागतांच जखम साबणानें व वाहत्या पाण्यानें पंधरा मिनिटें धुवावी. तिच्यावर तिखट, चुना किंवा हळद भरूं नये. डॉक्टरांनीं सांगितल्याशिवाय टांके घालूं देऊं नयेत. चावलेलें कुत्रें ओळखीचें असल्यास त्यावर दहा दिवस नजर ठेवावी, पण त्यासाठीं टोंचणें लांबवूं नये. आणि पूर्वीं घेतलेल्या मात्रांच्या तारखांचा कागद पासपोर्टांत ठेवावा. इस्पितळांत पहिल्यानें तोच मागतील, आणि तो हातीं नसेल तर डॉक्टरांस सारें मुळापासूनच सुरू करावें लागेल.