कालव्याच्या उगमापासून चवदार तळ्यापर्यंत

आमच्या पिंपळीवरून नीरा डावा कालवा वाहतो. जन्मल्यापासून आम्ही तो पाहतो आहोत. आवर्तन सुटले की भरून वाहतो, बंद झाले की तळाला जातो. २०२५ च्या मे महिन्यात बारामती-इंदापूर भागात धो धो पाऊस झाला आणि हा कालवा पिंपळीजवळ फुटला, तेव्हा मात्र साऱ्या गावाने त्याच्याकडे डोळे उघडून पाहिले. त्याच रात्री आमच्या मुलीने विचारले, “पप्पा, हे पाणी येते तरी कुठून?” आम्ही म्हटले, “वीर धरणातून.” ती म्हणाली, “आणि वीर धरणात कुठून?” आमच्याजवळ उत्तर नव्हते. उसाला पाणी देण्यात ज्यांची हयात गेली त्यांच्या घरात हे उत्तर नसावे, याची आम्हालाच लाज वाटली.

म्हणून यंदा जानेवारीत, कंपनीच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आम्ही उभयता मोटारसायकल काढून उगमाकडे निघालो. आणि वाचकहो, नीरेच्या उगमावरून जो रस्ता घाट उतरतो तो सरळ महाडला जातो! मग तिथवर जाऊन चवदार तळे न पाहता माघारी यायचे तरी कसे?

निघताना आई उठून बसली. तिचे वय ऐंशीच्या पुढे. १९७२ च्या दुष्काळात तिने दुष्काळी कामावर खडी फोडली आहे. रस्ते पुष्कळ केले, पण हौसेने कुठल्या रस्त्यावरून ती कधी गेली नाही. आम्ही विचारले, “आई, चवदार तळ्याचे पाणी बाटलीत भरून आणू का?” आई म्हणाली, “नगं. त्ये काय तीर्थ हाय व्हय? पानी समदीकडं सारखंच असतंय. त्याच्यासाटीच तर बाबासाहेब तितं गेलं. तुमी नीट बगून या आन मला सांगा.”

पहाटे साडेचारला निघालो. एका बाजूचे अंतर दीडशे किलोमीटरहून जास्त. दोघांच्या डोक्याला हेल्मेट, कानाला मफलर, पिशवीत बाजरीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि कांदा. बारामती ओलांडून पणदरे, कोऱ्हाळे, वडगाव निंबाळकर, करंजेपूल, निंबुत करीत नीरा गाठली. हंगाम ऐन भरात होता. उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर अंधारातच कारखान्याकडे निघाले होते. फडाच्या कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्यांतून चुली पेटल्या होत्या.

हा डावा कालवा एकोणिसाव्या शतकातला. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून त्याची खोदाई सुरू झाली. दुष्काळी कामावर कोण जाते, ते आपल्या लोकांना सांगायला नको. ज्यांच्या हातात कुदळ आणि डोक्यावर पाटी होती, त्यांच्यातल्या कितीजणांच्या वाट्याला कालव्याखालची जमीन आली, हा प्रश्न वाटेत मनातून जात नव्हता.

लोणंदवरून शिरवळला उजाडले. शिरवळजवळ प्राचीन बौद्ध लेणी आहेत. ती मुलांना घेऊन सवडीने पाहायची ठरवली आणि महामार्ग ओलांडून भोरची वाट धरली. भोर हे पूर्वी संस्थान होते, १९४८ मध्ये ते विलीन झाले. इथे पेट्रोलची टाकी भरून घेतली, कारण पुढे घाटात पंपाचा भरवसा नाही. भोरच्या अलीकडेच वेळवंडी नदीवर भाटघर धरण आहे. १९२० च्या दशकात इंग्रज सरकारने बांधून पुरे केलेले हे धरण आजही आपल्या कालव्याचा मोठा आधार आहे. भाटघर, नीरा देवघर आणि वीर या धरणांत साठलेल्या पाण्यावरच आपला पट्टा हिरवा दिसतो.

निगुडघर मागे पडले आणि रस्त्याला वळणे सुरू झाली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला नीरा देवघर धरणाचा जलाशय. सकाळच्या उन्हात पाणी काचेसारखे स्थिर होते आणि त्यात डोंगर उलटे दिसत होते. आमच्या सौ. मागून म्हणाल्या, “अहो, जरा थांबा. एवढं पाणी उभं राहिलेलं मी कधी पाहिलं नाही.”

हिर्डोशीच्या पुढे रस्त्याकडेच्या एका घरी प्यायला पाणी मागितले. म्हाताऱ्या बाईने तांब्या भरून आणला आणि सरळ हातात दिला. आमच्या आईच्या लहानपणी तिला विहिरीपासून लांब उभे राहून, कोणी वरून ओतील तेव्हा ओंजळीने प्यावे लागे. ती गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला असा हातात आलेला तांब्या साधा वाटत नाही. बाईंनी विचारले, “कुठून आला?” “बारामतीकडून.” त्या हसल्या. “म्हंजी आमचंच पाणी पिता की तुमी! आमची भाताची खाचरं धरणात गेली, तवा तुमचा ऊस भिजला.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, पण ते शब्द आमच्या मनात रुतले. पाण्याचा हक्क मागताना, ते पाणी कोणाच्या घरावरून आले हेही आपण विचारले पाहिजे. आम्ही त्यांना पुन्हा यायचे वचन दिले आणि निघालो.

शिरगावला नीरेचा उगम आहे. आपल्याकडे पुलावरून पाहावी लागणारी, पुढे इंदापूर तालुक्यात नीरा नरसिंहपूरला भीमेला मिळणारी ती नदी इथे अगदी लहान आहे. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला मिळाले. आम्ही तिथे बराच वेळ काही न बोलता उभे राहिलो.

शिरगावच्या पुढे सह्याद्रीची धार येते आणि वरंध घाट सुरू होतो. या धारेवर पडलेल्या पावसाचे दोन भाग होतात. पूर्वेकडचे पाणी नीरा, भीमा, कृष्णा असा लांबचा प्रवास करीत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडचे पाणी सावित्रीच्या खोऱ्यात उतरून थोडक्या वाटेने अरबी समुद्रात जाते. धारेवर उभे राहिले की पाठीशी देश आणि समोर कोकण. खाली एकामागे एक निळसर डोंगर, मधे खोल दरी, आणि कड्याला धरून खाली उतरत गेलेला आपला रस्ता! वाघजाईच्या देवळापाशी टपऱ्या आहेत. तिथे गरम कांदाभजी आणि चहा घेतला. माकडे फार आहेत. आमची भाकरीची पिशवी थोडक्यात वाचली.

घाट उतरताना घाई करू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतार उतरावा. पेट्रोल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडणे म्हणजे जिवाशी खेळ. प्रत्येक वळणावर हॉर्न द्यावा आणि चढून येणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी. पावसाळ्यात इथे दरडी कोसळतात आणि घाट वाहतुकीला बंद ठेवला जातो. म्हणून हिवाळ्यातच, आणि भोरला चौकशी करूनच, पुढे जावे. माझेरीच्या अलीकडे एका वळणावर रस्ता उखडलेला होता. तिथे सौ. खाली उतरून चालत आल्या, आम्ही गाडी पायाने सावरीत उतरवली. त्यात कमीपणा मानू नये.

वरंध, बिरवाडी फाटा करीत दुपारी बाराच्या आत महाडला पोचलो. गाडी लावून तळ्याच्या काठी गेलो.

१९२३ साली मुंबई कायदेमंडळात बोले यांचा ठराव झाला आणि सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले ठरले. महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. पण कागदावरचे पाणी ओंजळीत येत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह या तळ्यावर आले आणि पाणी प्याले. नंतर लोकांना मारहाण झाली, तळ्याची शुद्धी करण्यात आली, खटला चालला. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले. एका ओंजळीसाठी दहा वर्षे!

हे सर्व आम्ही वाचले होते. पण दिवसभर पाण्याच्या वाटेने येऊन तळ्यापुढे उभे राहिल्यावर त्याचा अर्थ निराळाच कळला. सकाळी पाहिलेले पाणी डोंगरावर कोणाचेही नव्हते. त्याला माणसाने खाली आणले, बांध घातला, कालवा काढला आणि मग हे आमचे, हे तुमचे नाही, असे ठरवले. भेदभाव पाण्याने केला नाही, माणसाने केला. म्हणून तो माणसालाच मोडता येतो.

तळ्यावरच्या बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. क्रांतिस्तंभ पाहिला. सावलीला बसून भाकरी खाल्ली. महाडजवळच गांधारपाले येथे तीसच्या आसपास बौद्ध लेणी आहेत. ती महामार्गावरूनच पाहून घेतली, कारण उजेडात घाट चढणे जरूर होते. तीनला परत फिरलो. उन्हे कलताना वाघजाईपाशी पोचलो, तर सारी दरी तांबूस झाली होती. घरी यायला रात्रीचे साडेनऊ वाजले. अंग ठेचल्यासारखे झाले होते, पण मन हलके होते.

आई जागीच होती. आम्ही सारे सांगितले. तळे सांगितले, घाट सांगितला, तांब्या देणारी बाईही सांगितली. मुलीने नीरेचा उगम वहीत काढून घेतला. आईने फक्त एकच विचारले, “त्या बाईनं तांब्या हातात दिला? वरनं न्हाई वतला?” आम्ही म्हटले, “हातात दिला.” ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आता मला बी न्या. गाडीवर बसवत न्हाई, यष्टीनं न्या.”

वाचकहो, आपली माणसे कामासाठी खूप फिरली. खडी फोडायला, ऊस तोडायला, मुंबईच्या गिरणीत. आता कधीतरी पाहण्यासाठीही फिरूया, आणि घरातल्या म्हाताऱ्यांना आधी नेऊया. येत्या २० मार्चला आम्ही आईला घेऊन महाडला जाणार आहोत.