कबड्डीच्या शिबिराला पहिल्यांदाच जाताना

पेण असो की रोहा, आपल्या रायगडात कबड्डीचा सामना लागला की बाया बघायला जातात. शाळेत हुतूतू खेळलेल्याही पुष्कळ असतात. पण लग्न झालं की मैदान सुटतं. आशियाई क्रीडा स्पर्धेत पुरुषांची कबड्डी १९९० साली आली, महिलांची २०१० साली. म्हणजे तिथेही बायकांना २० वर्षं थांबावं लागलं. तेव्हा मोठ्या बायकांसाठी शिबिर लागलं, तर ‘या वयात कशाला?’ म्हणू नका. फक्त तयारीने जा.

आधी खेळ समजून घेऊ. महिलांचं मैदान १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद. मैदानात एका संघाच्या ७ जणी. चढाई ३० सेकंदांची, आणि तेवढा वेळ ‘कबड्डी, कबड्डी’ म्हणत राहायचं. आवाज तुटला की चढाई संपली. नवख्या बाईचा दम लवकर सुटतो. त्यात लाज नाही. घरी काम करता करता मोठ्याने म्हणून बघा, रोज थोडा थोडा दम वाढवा.

शिबिरात आधी चढाई किंवा पकड शिकायची घाई करू नका. आधी वाकणं, थांबणं आणि पडणं शिका. भातलावणीत आपण कमरेतून वाकतो, ती सवय अंगात मुरलेली असते. इथे गुडघे दुमडून, पाठ सरळ ठेवून खाली बसतं व्हायचं. पळताना एकदम वळलं की गुडघा मुरगळतो, म्हणून लहान पावलं टाकत थांबायला शिका. पडताना हात ताठ टेकू नका, मनगट दुखावतं. अंग गोळा करून कुशीवर लोळा.

आता दागिन्यांचं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र, कानातलं, सगळं उतरवावं लागतं आणि नखं कापावी लागतात. पकडीत दुसरीला लागू नये आणि आपलंही बोट, कान फाटू नये, म्हणून हा नियम आहे. यावरून घरात कुरबूर होऊ शकते. सासूबाईंना, नवऱ्याला कारण आधीच सांगून ठेवा. गटातल्या चौघी मिळून गेलात तर बोलणाऱ्यांची तोंडंही लवकर बंद होतात.

जाण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाब आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या. दिवस गेले असतील तर खेळू नका. बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नका. गुडघेदुखी, चक्कर, दमा, काहीही असेल ते प्रशिक्षकांना पहिल्याच दिवशी सांगा. लपवलं तर ते तुम्हाला झेपेल असा सराव देणार कसे?

उपाशीपोटी जाऊ नका. दोन तास आधी भाकरी-भाजी खा, पाणी सोबत न्या. घोटा मुरगळला तर लगेच चोळू नका, शेकू नका. खेळ थांबवा, फडक्यात बर्फ गुंडाळून लावा, पाय उंच ठेवा. पाय टेकवतच नसेल तर दवाखाना गाठा.

दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतील, जिना उतरताना ‘आई गं’ होईल. अंग नव्या कामाला लागलं की असं होतंच, दोन-तीन दिवसांत उतरतं. सांधा सुजला किंवा कळ वाढत गेली तर मात्र अंगावर काढू नका. आणि थकलात तर हात वर करून बाजूला बसा. थांबायचं कधी, हे ठरवायचा हक्क तुमचाच आहे.