विद्यापीठाच्या आवारातील पाळणाघर

विद्यापीठ म्हटले म्हणजे ग्रंथालय, प्रयोगशाळा आणि व्याख्यानाची दालने आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. त्याच आवारात दोन-तीन वर्षांची मुले वाळूत खेळत आहेत आणि पदवीच्या वर्गातला विद्यार्थी त्यांची नाके पुसत आहे, हे चित्र काहींना विसंगत वाटेल. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत मात्र ते नित्याचे आहे. आईबाप शिकत वा शिकवीत असताना मुले तेथे राहतात. विद्यार्थी तेथे काम करून चार पैसे मिळवितात किंवा बालमानसशास्त्राचे प्रात्यक्षिक घेतात. अशा रीतीने एका छपराखाली दोन हेतू नांदतात : मुलाचे संगोपन आणि विद्यार्थ्याचे शिक्षण. या दोघांचे नेहमीच जमते काय, हे आज पाहावयाचे आहे.

ही कल्पना जुनी आहे. जॉन ड्यूई यांनी १८९६ साली शिकागो विद्यापीठात प्रयोगशाळा म्हणूनच एक शाळा काढली. आयोवा हा मका पिकविणारा आणि डुकरे पाळणारा प्रांत. तेथील कोरा बसी हिलिस या बाईंनी राज्यकर्त्यांना सरळ सवाल केला, की मक्याचे आणि जनावरांचे वाण सुधारण्यासाठी राज्य संशोधन करविते, तर मुलांसाठी का नाही? अखेर १९१७ साली आयोवाच्या विद्यापीठात बालकल्याण संशोधन केंद्र स्थापन झाले. आपल्याकडे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातील गृहविज्ञान शाखेची ‘चेतन बालवाडी’ याच कुळातली.

आता विद्यार्थ्याचे काम काय असते? लंगोट बदलणे, हात धुवून देणे, दूध ओतताना मुलाचा हात सावरणे, दुपारी पाठ थोपटून निजविणे. परंतु याहून अवघड काम आहे ते पाहण्याचे. ‘हा मुलगा रडवा आहे’ असे नवखा विद्यार्थी वहीत लिहितो. ही नोंद नव्हे, हा निवाडा झाला. ‘आईने पाठ फिरवताच रडू लागला, चार मिनिटांनी खिडकीपाशी गेला, बाहेरची गाडी दिसताच थांबला’ ही नोंद. पहिल्या वाक्याने मुलाच्या कपाळी शिक्का बसतो. दुसऱ्याने उद्या काय करावे हे कळते : त्याला खिडकीपाशी घेऊन जावे.

येथवर दोन्ही हेतू एकमेकांस पूरक आहेत. अडचण येते ती दिनदर्शिकेमुळे. विद्यार्थ्याचे सत्र चार महिन्यांत संपते, त्याचे तास रोज बदलतात, परीक्षा आली की तो दिसेनासा होतो. मुलाला सत्र कळत नाही. त्याला माणूस कळतो.

याचे परिणाम काय होतात, ते इंग्लंडमधील जेम्स व जॉइस रॉबर्टसन या दांपत्याने १९६९ सालच्या एका चित्रपटात दाखविले. जॉन नावाचे सतरा महिन्यांचे मूल, आई बाळंतपणासाठी रुग्णालयात गेल्यामुळे, नऊ दिवस एका निवासी शिशुगृहात राहिले. तेथील तरुण परिचारिका प्रेमळ होत्या. पण अमुक मूल अमकीचे, अशी वाटणी नव्हती. जॉन एकीपाशी जाई, तिची पाळी संपे. मग दुसरीपाशी जाई. हळूहळू त्याने खाणे टाकले आणि एका मोठ्या खेळण्यातल्या अस्वलाला तो बिलगून राहू लागला. आई न्यावयास आली तेव्हा तो तिच्याकडेही जाईना. वाईट वागणूक त्याला कोणी दिली नव्हती. त्याचे असे एक माणूस तेवढे नव्हते.

दुसरा दाखला अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाचा. समोरची एक मिठाई लगेच न खाता पंधरा मिनिटे थांबलास तर दोन मिळतील, असे मुलाला सांगण्याचा प्रयोग स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत पूर्वीच गाजला होता, आणि थांबणे हा मुलाचा आत्मसंयम मानला जात होता. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या रॉचेस्टरच्या अभ्यासात आधी एक पायरी घातली. ‘थांब, चांगले रंग आणतो’ असे सांगून काही मुलांना ते खरोखर आणून दिले, तर काहींची रिकाम्या हातांनी समजूत घातली. मग मिठाई ठेवली. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी बारा मिनिटे थांबली. फसलेली मुले तीनच मिनिटे. मुले अवघी अठ्ठावीस होती, तेव्हा यावरून मोठे सिद्धांत उभारू नयेत. तरी एवढे दिसते, की मुलाचा धीर हा पुष्कळसा मोठ्यांच्या शब्दावर उभा असतो.

म्हणून विद्यार्थ्यांना पाळणाघराबाहेर ठेवावे काय? मुळीच नाही. व्यवस्था मात्र नीट हवी. प्रत्येक मुलामागे एक कायमची बाई असावी आणि विद्यार्थी तिच्या हाताखाली राहावा. त्याच्या वेळा ठरलेल्या असाव्यात. ‘आलोच’ म्हटले तर त्याने यावे. येता येणार नसेल तर तसे म्हणू नये. सत्र संपताना मूल झोपलेले पाहून पळ न काढता निरोप घेऊन जावे. मूल रडेल, पण ते रडणे फसवणुकीचे नसेल.

हा प्रश्न आता परदेशापुरता राहिलेला नाही. आपल्याकडे २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सोय करण्याची जबाबदारी आली. अशा ठिकाणी मूल ठेवताना आपण रंगीत भिंती पाहतो, खेळणी मोजतो. त्याआधी एक प्रश्न विचारावा : माझ्या मुलाला आज जी उचलून घेते आहे, ती पुढच्या महिन्यातही येथे असेल काय?